बाँबे रक्तगट

बाँबे रक्तगट : मानवी रक्ताच्या एबीओ गटपद्धतीशी निगडित असलेला एक अतिदुर्मिळ गट. या गटाच्या व्यक्तींच्या तांबड्या कोशिकांवर ए व बी हे प्रतिजन (प्रतिपिंडांच्या निर्मितीस चालना देणारे पदार्थ) तर नसतातच. पण ओ गटाच्या कोशिकांवर विपुल प्रमाणात आढळणारा एच हा प्रतिजनही नसतो. याउलट त्यांच्या रक्तरसात ए, बी व एच या तिन्ही प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे त्यांना ए, बी, एबी यांपैकी कोणत्याही गटाचे किंवा एरवी सर्वांना चालणारे ओ गटाचेही रक्त देता येत नाही. मुंबई येथील शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथे काम करणारे विकृतिविज्ञ वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी या गटाचा शोध लावला. त्याचा वृत्तांत ३ मे १९५२ रोजी लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

हा वृत्तांत अवघ्या दोन पानांचा होता. संशोधकाचे वैज्ञानिक स्थान त्याच्या निबंधांच्या संख्येवरून व इतरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला यावरून ठरविण्याची पद्धत अलीकडे बळावली आहे. या मोजमापाला काही अर्थ असला, तरी त्याच्या मर्यादा दाखवण्यास मुंबईच्या या निबंधाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. त्याचे खरे फलित पुढील सुमारे पन्नास वर्षांत, बऱ्याच अंशी इतर देशांत आणि इतर शास्त्रांत दिसून आले. आनुवंशिकी, जीवरसायनशास्त्र, रक्ताधान व अखेर प्रतिरक्षाविज्ञान असा त्याचा प्रवास झाला. भेंडे यांचे नाव भारतातील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित राहिले ते मात्र देवधरे यांच्यासह लिहिलेल्या विकृतिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकामुळेही.

पार्श्वभूमी : कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये एका माणसाचा रक्तरस दुसऱ्याच्या तांबड्या कोशिकांचे समूहन करतो (गुठळ्यांसारखे पुंजके बनवितो) हे दाखवून मानवी रक्ताचे गट पाडले. या गटांची आनुवंशिकता फोन डुंगर्न व हिर्‌शफेल्ट यांनी १९१० मध्ये सिद्ध केली आणि बेर्नश्टाइन यांनी १९२४ मध्ये ए, बी व ओ या तीन पर्यायी जनुकांच्या साहाय्याने तिची उपपत्ती लावली. लुडव्हिक हिर्‌शफेल्ट व त्यांच्या पत्नी हान्का यांनी पहिल्या महायुद्धात सलॉनिका येथे जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले, त्यांत हिंदी सैनिकही होते. बी गटाचे प्रमाण हिंदी लोकांत विशेष जास्त असल्याचे त्यांनी १९१९ मध्ये नमूद केले. भारतीय रक्ताकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले ते तेव्हापासून.

बेर्नश्टाइन यांच्या उपपत्तीनुसार ओ हा ए व बी यांच्यासारखाच एक जनुक होता आणि त्याचा स्वतःचा ओ हा प्रतिजन असावा अशी कल्पना होती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांना १९४८ मध्ये ही कल्पना बरोबर नसल्याचे दिसून आले. ओ गटात आढळणारा पदार्थ कमीअधिक प्रमाणात ए व बी गटांच्या व्यक्तींतही सापडत होता. म्हणून त्यांनी त्यास एच हे वेगळे नाव दिले. हा पदार्थ जवळजवळ सर्व माणसांत असतो, असे त्यावेळी मानले जात होते. तो मुळीच नसलेला माणूस कोणी पाहिला नव्हता.

शोध : रक्तगट दोन बाजूंनी ठरवतात. ज्ञात प्रतिपिंडे वापरून तांबड्या कोशिकांवरील प्रतिजन ओळखणे ही एक बाजू, तर ज्ञात गटांच्या कोशिका वापरून रक्तरसातील प्रतिपिंडे ओळखणे ही दुसरी. या दोन्ही बाजूंची उत्तरे एकमेकांशी जुळावी लागतात. उदा., ओ गटाच्या कोशिकांवर ए किंवा बी नसतात व त्याच व्यक्तीच्या रक्तरसात ए व बी या दोहोंविरुद्ध प्रतिपिंडे असतात; परंतु तो रक्तरस दुसऱ्या ओ गटाच्या कोशिकांना स्पर्श करीत नाही.

मुंबईत रक्ताची आवश्यकता निर्माण झालेले दोन रुग्ण होते. एक रेल्वे अपघातात जखमी झालेला आणि दुसरा भोसकल्यामुळे जखमी झालेला. कोशिकांच्या चाचणीत दोघांचा गट ओ दिसत होता, पण त्यांचा रक्तरस ओ गटासह तपासलेल्या सर्व दात्यांच्या कोशिकांचे समूहन करीत होता. अनेक दात्यांचे नमुने तपासल्यानंतर एका व्यक्तीचे रक्त त्यांच्याशी अनुरूप ठरले. त्या व्यक्तीचे रक्तही तसेच होते. अशा तीन व्यक्तींवर हा निबंध आधारलेला आहे.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत न जुळणारी चाचणी ही नित्याची बाब असते. रसायने जुनी होतात, नळ्या अस्वच्छ असतात, थंडीत निष्कारण समूहन होते. अशा वेळी चाचणी पुन्हा करून विषय सोडून देणे सोपे असते. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही, येथेच त्यांच्या कामाचे मर्म आहे. त्यांनी नमुने लंडनला आर. आर. रेस व रूथ सँगर यांच्याकडे पाठविले. हे दोघे तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रक्तगट विभागात काम करीत होते आणि त्या काळी दुर्मिळ प्रतिपिंडांचा असा संग्रह अन्यत्र नव्हता. मॉर्गन व वॉटकिन्स यांचेही साहाय्य मिळाले. या व्यक्तींच्या कोशिकांवर एच नाही आणि त्यांच्या रक्तरसात एचविरुद्ध प्रतिपिंड आहे, हे निश्चित झाले. निबंधावर सात नावे आहेत. त्यांतील पहिली तीन मुंबईची व पुढील चार लंडनची आहेत. शीर्षकात हे लक्षण एबीओ पद्धतीशी संबंधित असल्याचे म्हटले असून ‘नवे’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातला आहे. हा सावधपणा अनाठायी नव्हता, कारण असे रक्त मुंबईत पूर्वीपासूनच असणार. ते ओळखले गेले नव्हते, एवढेच.

बाँबे हे नाव पुढील वाङ्मयात रूढ झाले. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले, तरी रक्तगटाचे नाव जगभर तेच राहिले. संशोधकांची नावे मात्र संदर्भसूचीपुरतीच उरली.

शोधाचा अर्थ : तीन व्यक्तींचे हे निरीक्षण आनुवंशिकीच्या दृष्टीने किती महत्त्वाचे आहे हे १९५५ मध्ये स्पष्ट झाले. ऱ्हीसस घटकाच्या संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले फिलिप लेव्हीन व त्यांचे सहकारी यांना अमेरिकेत इटालियन वंशाची एक स्त्री आढळली. तिचा गट मुंबईच्या व्यक्तींसारखाच होता. तिचा पती ए गटाचा असून त्यांच्या एका मुलीचा गट एबी होता. मुलीस बी जनुक पित्याकडून मिळणे शक्य नव्हते. म्हणजेच तो आईकडून आला होता, जरी आईच्या स्वतःच्या रक्तात बीचा मागमूस नव्हता. जनुक उपस्थित आहे, पुढील पिढीत जातो आहे, तरी त्याचा परिणाम दिसत नाही, असा हा प्रकार होता. एका ठिकाणच्या जनुकाचा परिणाम दुसऱ्या ठिकाणच्या जनुकामुळे झाकला जाण्याच्या या घटनेचे माणसातील सर्वांत सुबोध उदाहरण म्हणून बाँबे गट आजही आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत दिला जातो.

असे का घडते याचे उत्तर जीवरसायनशास्त्रातून मिळाले. मॉर्गन व वॉटकिन्स हे अंडाशयातील द्रवार्बुदांच्या (द्रवाने भरलेल्या गाठींच्या) द्रवातून रक्तगटांचे पदार्थ वेगळे करून त्यांतील शर्करांचा क्रम शोधीत होते. सर्व गटांत एक समान शर्कराशृंखला असते. तिच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज ही शर्करा जोडली की एच प्रतिजन तयार होतो. त्यावर ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन जोडले गेले की ए आणि गॅलॅक्टोज जोडले गेले की बी. ओ गटात यांपैकी काहीच जोडले जात नाही व एच तसाच राहतो. जनुके स्वतः प्रतिजन बनवीत नाहीत, तर शर्करा जोडणारी एंझाइमे बनवितात. आता बाँबे गटाचा उलगडा सोपा होतो. त्यात फ्यूकोज जोडणारे एंझाइमच नसते. ए किंवा बी यांची एंझाइमे असली, तरी ज्यावर बांधकाम करावयाचे तो पायाच नसल्याने ती निष्फळ ठरतात. आधी एच व मग ए किंवा बी, हा क्रम प्रस्थापित होण्यास मुंबईचे हे रुग्ण फार उपयोगी पडले. हा क्रम वॉटकिन्स व मॉर्गन यांनी १९५९ मध्ये सविस्तर मांडला.

न्यायवैद्यकातही याचा परिणाम झाला. ओ गटाच्या व्यक्तीचे अपत्य एबी असू शकत नाही, हा पितृत्वाच्या दाव्यांत वापरला जाणारा नियम निरपवाद राहिला नाही. कोशिकांची चाचणी ओ दाखवीत असली, तरी व्यक्ती बाँबे गटाची नाही याची खात्री केल्याखेरीज असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

मुंबईतील पुढील संशोधन : अनेक शोधांच्या बाबतीत असे घडते, की नमुना येथून जातो व पुढचे सर्व काम परदेशात होते. बाँबे गटाच्या बाबतीत हे अंशतःच खरे आहे. भाटिया यांनी हा विषय पुढील तीन दशके चालू ठेवला. १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. हेच केंद्र पुढे इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी (प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था) झाले व आज ते राष्ट्रीय संस्था म्हणून के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात काम करते. भाटिया या संस्थेचे संचालक होते.

भाटिया व आनुवंशिकीविज्ञ एल. डी. संघवी यांनी १९६२ मध्ये बाँबे गट व रक्तसंबंधी विवाह यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. हा गट अप्रभावी असल्याने एच निर्माण न करणारा जनुक माता व पिता या दोघांकडूनही यावा लागतो. भाटिया व साठे यांच्या १९७४ मधील अभ्यासानुसार मुंबईत सु. ७,६०० व्यक्तींमागे एक व्यक्ती या गटाची असते. यूरोपात हे प्रमाण दहा लाखांत सु. एक इतके अल्प मानतात. मुंबईच्या प्रमाणावरून हिशेब केल्यास सु. ४४ व्यक्तींमागे एकीत हा जनुक सुप्त रूपात असावा. सख्ख्या मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा यांच्याशी विवाह झाल्यास अपत्यात हा गट प्रकट होण्याचा संभव इतर विवाहांच्या मानाने सु. सहा पटींनी वाढतो. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. गट मुंबईच्या नावाने ओळखला जात असला, तरी तो मुंबईपुरता मर्यादित नाही. ओडिशातील कुटिया कोंध या आदिवासी जमातीत तसेच हिंदी महासागरातील रेयून्यों बेटावरही तो आढळला आहे.

याच केंद्रातून दुसरा एक महत्त्वाचा शोध लागला. बडाकेरे, जोशी, भाटिया इत्यादींनी १९७३ मध्ये भारतीयांत आढळणाऱ्या एका नव्या प्रतिजनाचे वर्णन केले व ‘इंडियन’ या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. मुंबईतील सु. ३ ते ४ टक्के व्यक्तींत तो असतो. त्याचा जोडीदार प्रतिजन १९७५ मध्ये सापडल्यावर इंडियन ही स्वतंत्र रक्तगट पद्धती मानली गेली. हे प्रतिजन सीडी ४४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनावर असल्याचे १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये दिसून आले. श्वेत कोशिकांना ऊतकांशी (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांशी) चिकटण्यास हे प्रथिन मदत करते. रक्तपेढीतील निरीक्षण प्रतिरक्षाविज्ञानाच्या केंद्रस्थानी असलेल्या रेणूपर्यंत पोचते, हे यावरूनही दिसते.

जनुकांची ओळख : एच प्रतिजन घडविणारा जनुक अमेरिकेतील जे. बी. लो यांच्या प्रयोगशाळेत १९९० मध्ये वेगळा करण्यात आला. तो १९ व्या गुणसूत्रावर असून त्याच्याजवळच लाळ व इतर स्रावांत एच निर्माण करणारा दुसरा जनुक आहे. असे दोन वेगळे, पण शेजारी जनुक असावेत हे अनुमान ओरिओल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच केले होते. त्यासाठी त्यांनी बाँबे व त्याच्याशी साम्य असलेल्या, परंतु स्रावांत एच असणाऱ्या ‘पॅरा-बाँबे’ व्यक्तींच्या अभ्यासाचा आधार घेतला होता. भारतीय बाँबे गटात पहिल्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे एंझाइम निष्क्रिय झालेले असते आणि दुसरा जनुक गळालेला असतो, असे जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये दाखविले. दोन्ही दोष एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी असल्यामुळे ते बरोबरच वारशाने मिळतात. त्यामुळे अशा व्यक्तींच्या कोशिकांवर व लाळेतही एच नसतो.

श्वेत कोशिकांचा विकार : बाँबे गटाच्या व्यक्ती एरवी पूर्णपणे निरोगी असतात. एच नसल्यामुळे त्यांचे काही अडत नाही. म्हणूनच इझ्राएलमधील एत्झिओनी व सहकाऱ्यांचा १९९२ मधील वृत्तांत लक्षणीय ठरला. परस्परांशी नाते नसलेल्या दोन मुलांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होत असे. त्यांच्या रक्तात श्वेत कोशिका विपुल होत्या, पण संसर्गाच्या जागी पू होत नव्हता. दोघांचे माता-पिता रक्तसंबंधी होते व दोघांचाही रक्तगट बाँबे निघाला. हा योगायोग नसून सुगावा होता. फ्यूकोज ही शर्करा एच प्रतिजनात असते, तशीच ती श्वेत कोशिकांवरील एका रचनेतही असते. रक्तवाहिनीच्या अस्तराला क्षणभर चिकटून बाहेर पडण्यासाठी या कोशिका त्या रचनेचा उपयोग करतात. या मुलांत केवळ एक एंझाइम नव्हे, तर फ्यूकोजयुक्त सर्वच रचना लोपल्या होत्या. कोशिकेच्या अंतर्भागात फ्यूकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनातील दोष हे त्याचे मूळ २००१ मध्ये सापडले. श्वेत कोशिका रक्तातून ऊतकांत कशा जातात याविषयीचा सिद्धांत प्राण्यांवरील प्रयोगांतून उभा राहिला होता. माणसात त्याची खात्री पटविणारा हा पुरावा होता आणि त्याकडे नेणारी पहिली खूण मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी वर्णिलेली होती.

रक्ताधान : रुग्णाच्या दृष्टीने या सर्वांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न रक्त मिळण्याचा असतो. एचविरुद्धचे प्रतिपिंड शरीराच्या तापमानातही क्रियाशील असते. ओ गटाचे रक्त दिल्यास त्या कोशिका जलद फुटतात व मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. केवळ कोशिकांची चाचणी केल्यास बाँबे व ओ यांत भेद करता येत नाही. रक्तरसाची उलट चाचणी व दात्याच्या रक्ताशी अनुरूपता चाचणी या दोन्ही केल्या, तर चूक उघडकीस येते. त्यानंतर यूलेक्स या वनस्पतीच्या बियांतील अर्काने निश्चिती करतात. हा अर्क एच असलेल्या कोशिकांचे समूहन करतो, बाँबे कोशिकांचे करीत नाही.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा या गावासारख्या ठिकाणाहून येणाऱ्या रुग्णाचे उदाहरण घेतल्यास अडचण स्पष्ट होते. त्याच्याजवळील चिठ्ठीवर गट ओ असा लिहिलेला असू शकतो आणि गावात त्याच गटाचे दातेही पुष्कळ असतात. नातेवाईक दात्यांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी पोचतात व तेथे एकाचेही रक्त जुळत नाही. मुंबईचे प्रमाण जसेच्या तसे लागू धरले, तर २०११ च्या जनगणनेनुसार १८,३६,०८६ लोकसंख्येच्या परभणी जिल्ह्यात या गटाच्या सु. २४० व्यक्ती असाव्यात. प्रत्यक्ष प्रमाण रक्तसंबंधी विवाहांच्या प्रथेनुसार कमीअधिक असू शकेल. परंतु यांपैकी बहुतेकांस आपला गट ठाऊक नसतो. म्हणून रक्तपेढ्यांनी उलट चाचणी कधीही न टाळणे आणि आढळलेल्या दात्यांची नोंद ठेवणे हे दोनच उपाय खरे उपयोगाचे आहेत.

तांबड्या कोशिका शीतगृहात साधारणपणे ३५ ते ४२ दिवसच टिकतात. ग्लिसरॉल मिसळून अतिशीत तापमानात त्या अनेक वर्षे ठेवता येतात, पण ही सोय मोजक्या ठिकाणीच आहे. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचेच रक्त काढून ठेवणे हा सुरक्षित मार्ग होय. गर्भवती स्त्रीचा गट बाँबे असल्यास प्रसूतीपूर्वीच दात्यांचा शोध सुरू करावा लागतो. माता व पिता या दोघांत हा जनुक सुप्त असताना त्यांच्या प्रत्येक अपत्यात हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते. त्यामुळे एखाद्या व्यक्तीत बाँबे गट आढळला, की दूरच्या दात्यांना बोलावण्यापूर्वी तिच्या सख्ख्या भावंडांचे रक्त प्रथम तपासतात.